‘हाफ’ दिसायचे लेन्स, एका बॉक्समध्ये दहा: माझा रिव्ह्यू

पुण्याहून भाच्यांचे मेसेज येतात, मावशी ते जपानी कलर लेन्स कसे असतात गं, येताना आण ना, म्हणून म्हटलं एकदाच सविस्तर लिहून टाकू. इथे टोक्योत कलर लेन्सना सगळे ‘काराकॉन’ म्हणतात आणि त्यात एक अख्खी कॅटेगरी आहे ‘हाफ-केइ’ नावाची, म्हणजे हे डोळ्यात घातले की तुम्ही हाफ दिसणार असा दावा. हाफ म्हणजे आईबाबांपैकी एक जपानी आणि एक बाहेरचं अशी मुलं, इथे त्यांना हाफच म्हणतात, शाळेत, टीव्हीवर, तोंडावर, सगळीकडे. माझी लेक हाफ आहे, बाबा जपानी, आई मिरजेची. आणि हे लेन्स आमच्या घरात आणले ते तिनेच, त्यामुळे हा रिव्ह्यू थोडा वाकडा जाणार आहे, आधीच सांगून ठेवते.

ब्रँडचं नाव लिहीत नाही. लिहून फायदाही नाही कारण डॉनकीच्या (डॉन किहोते, ते रात्री उशिरापर्यंत उघडं असणारं सगळं-मिळतं दुकान) कपाटात वरपासून खालपर्यंत हाच माल आहे, पाकिटावरची मुलगी बदलते, बाकी सगळं डिट्टो. आमच्याकडे आले ते रोज फेकायचे, वन डे, बॉक्समध्ये दहा लेन्स म्हणजे पाच दिवस, किंमत साधारण १७०० ते १८०० येनच्या मधली. व्यास १४.२ मिमी, रंग छापलेला भाग १३ मिमीच्या आसपास, बेस कर्व्ह (लेन्सचा बाक) ८.६, पाण्याचं प्रमाण ३८ टक्के. हे आकडे पाकिटावर बारीक अक्षरात असतात आणि तेच खरं वाचायचं असतं, पाकिटावरची मुलगी नाही. आपलं बुबुळ असतं साडेअकरा ते बारा मिमी, म्हणजे १३ चा रंग घातला की डोळा मोठा दिसणारच, त्यात जादू काही नाही. पूर्वीच्या ग्यारू (भडक मेकअपची फॅशन करणाऱ्या) मुलींच्या जमान्यात कडेला जाड काळं वर्तुळ असलेले मोठ्ठे लेन्स चालायचे, बाहुलीसारखे डोळे करायचे. हाफ-केइ वाले त्याच्या उलट, कडेला वर्तुळ नाही किंवा अगदी पुसट, रंग फिका, ग्रे, ऑलिव्ह, हेझेल असले. कल्पना अशी की डोळा मोठा नको, ‘मुळात’ फिका दिसायला हवा.

सेफ्टीबद्दल एकच सांगते. नोव्हेंबर २००९ पासून जपानमध्ये चष्म्याचा नंबर नसलेले फॅशनचे लेन्ससुद्धा कायद्याने कडक नियंत्रणाखालच्या वैद्यकीय उपकरणांत मोडतात, विकायला परवाना लागतो, पाकिटावर मंजुरीचा नंबर असतो. तो मंजुरीचा नंबर नसलेला माल कितीही गोड दिसला तरी घेऊ नका. आणि डोळ्यांच्या डॉक्टरकडे एकदा जाऊनच या, दुकानात कोणी विचारत नाही म्हणून काही बिघडत नाही असं नसतं. मैत्रिणीचे लेन्स घालून बघणं वगैरे तर अजिबातच नको.

आता दिसतात कसे. बोटावर घेऊन दिव्याखाली धरला की कळतं, बाहेरून करडा-तपकिरी, आत येता येता पिवळसर होत जाणारे बारीक बारीक ठिपके, नुसते ठिपके, मध्ये डोळ्यातल्या बाहुलीसाठी मोकळी जागा. माझे डोळे चांगलेच काळे, त्यावर ग्रे घातला तर बाथरूमच्या पांढऱ्या लाइटमध्ये आहाहा, खरंच वेगळंच माणूस, मी दोन मिनिटं आरशापुढून हललेच नाही. मग मेट्रोच्या तोझाइ लाइनच्या डब्यात खिडकीच्या काचेत बघितलं तर मासळीबाजारातला बांगडा. डोळ्यात जीवच नाही. कारण ठिपके अपारदर्शक असतात, खालचा काळा रंग झाकायला तसेच लागतात, त्यामुळे उजेड आत शिरून परत येतो ती चमकच जाते. हेझेल त्यातल्या त्यात बरा, आपल्या भारतीय रंगावर तोच खपून जातो. फोटोत मात्र सगळेच भारी दिसतात, आणि विकले पण फोटोसाठीच जातात असं माझं मत. दुपारपर्यंत ठीक, संध्याकाळी ऑफिसच्या एसीत टोचायला लागतात. असल्या कमी पाण्याच्या लेन्समधून डोळ्याला ऑक्सिजन कमीच मिळतो, म्हणून रोज सकाळ-रात्र घालायची वस्तू ही नाहीच.

इथपर्यंत वस्तू म्हणून पाच पैकी साडेतीन.

आता लेकीचं. सोळा वर्षांची आहे, उंच, रंग माझा, केस माझे, दाट आणि कुरळे, डोळे तिच्या बाबांचे पण काळेभोर. एक दिवस बाथरूममध्ये उभी राहून एका हाताने वरची पापणी धरून दुसऱ्या हाताने तो ग्रे लेन्स बसवायची खटपट चाललेली, नाकातून पाणी, मी म्हटलं अगं हे काय, तर म्हणाली, आई, मी हाफ आहे ना, पण दिसत नाही ना हाफसारखी. मी म्हटलं म्हणजे काय, तू आहेसच. तर म्हणाली, तसं नाही गं, वर्गातल्या मुली म्हणतात हाफ असून वाया गेली. इथे त्याला ‘झान्नेन हाफ’ असा तयार शब्दच आहे, निराशाजनक हाफ, टीव्हीवर विनोदात वापरतात, इंग्लिश येत नाही, नाक सरळ नाही, मग ते झान्नेन. म्हणजे हाफ पोरीने हाफ दिसायला हाफ लेन्स विकत घेतले, स्वतःच्या पॉकेटमनीतून. मला आधी हसूच आलं आणि मग नाही आलं.

पाकीट उचलून नीट बघितलं. त्यावरची मुलगी गोरी, नाक टोकदार, केस मधासारखे, मागे कुठलंतरी युरोपसारखं दिसणारं शहर धूसर केलेलं. आता बघा, जपानमध्ये दर वर्षी जन्मणाऱ्या मुलांपैकी साधारण २ टक्के मुलांच्या आईबाबांपैकी एक परदेशी नागरिक असतं, आणि त्या परदेशी आईबाबांत मोठा वाटा आहे चीन, कोरिया, फिलिपिन्सचा. त्या मुलांसारखं दिसायला कोणी हाफ-केइ लेन्स बनवत नाही, कारण त्यांचे डोळे काळेच असतात, काळे डोळे विकायचे कोणाला? पाकिटावरचा हाफ म्हणजे खऱ्या हाफ लोकसंख्येतला एक लहानसा तुकडा, गोऱ्या बापाचा किंवा गोऱ्या आईचा, आणि तोच सगळ्यांच्या नावाने खपवलाय. माझी तक्रार रंगाशी नाही, लेबलशी आहे.

गंमत म्हणजे ज्या मुलींनी हा चेहरा पॉप्युलर केला त्यांच्यात आपल्या बाजूची पण आहे. रोला! २०१० नंतर जपानी टीव्ही लावला आणि रोला दिसली नाही असं व्हायचंच नाही, गाल फुगवून बोलणारी. ‘व्हीव्ही’ मासिकाची मॉडेल, वडील बांगलादेशी, आईकडून थोडं रशियन रक्त. कलर लेन्सच्या जाहिरातीतही ती झळकली. व्हीव्ही हे मासिकच त्या काळात हाफ मॉडेल्ससाठी ओळखलं जायचं, हासेगावा जुन, फुजी लेना, मॅगी, सगळ्या तिथल्याच. आता रोलाकडे बघून कॉलेजच्या मुली जे उचलायच्या ते डोळे आणि नाक, नाकाच्या बाजूने तपकिरी सावली ओढायची, भुवया फिक्या करायच्या, झाला ‘हाफ-गाओ’ म्हणजे हाफ चेहऱ्याचा मेकअप. बंगाली बाप त्या मेकअपमध्ये कुठेच येत नाही. आईकडचं ते रशियन रक्त नसतं तर तीच मुलगी तेवढीच चालली असती का, मला शंका आहे.

हे काही काल-परवाचं नाही. इथल्या लहान मुलींची बाहुली म्हणजे रिका-चान, ताकारा कंपनीने १९६७ मध्ये आणली, तिची अधिकृत कुंडली आहे, आई जपानी फॅशन डिझायनर आणि वडील पिएर नावाचे फ्रेंच संगीतकार. म्हणजे पन्नासहून जास्त वर्षं जपानी पोरी हाफ बाहुलीशी खेळतायत! माझ्या लेकीकडे पण होती, सासूबाईंनी आणलेली, प्रेमानेच. त्याच्या एक वर्ष आधी, १९६६ च्या उन्हाळ्यात शिसेइदो या मेकअपच्या कंपनीने हवाईत शूट केलेलं एक पोस्टर आलं, वाळूवर स्विमसूटमध्ये पालथी पडलेली उन्हाने रापलेली मुलगी, माएदा बिबारी, वडील अमेरिकन, आई जपानी. लोक दुकानांवरून ते पोस्टर चोरून न्यायचे, इतकं गाजलं. आता ह्या बिबारी बाईंचा जन्म कामाकुराचा, १९४८ चा. आणि त्याच १९४८ मध्ये त्याच कानागावा प्रांतात ओइसोला सावादा मिकी नावाच्या बाईंनी एलिझाबेथ सॉन्डर्स होम काढलं, अमेरिकन सैनिक आणि जपानी बायकांची जी मुलं टाकून दिली जायची त्यांच्यासाठी अनाथाश्रम. एकाच काळातली, एकाच प्रांतातली मुलं. काही आश्रमात वाढली, आणि अठरा वर्षांनी त्यांच्यासारखाच एक चेहरा लिपस्टिक-पावडरच्या दुकानांवर लागला आणि चोरीला जायला लागला. त्या मुलांकडे बघायची लोकांची नजर बदलली म्हणून हे झालं असं कोणी म्हणेल, मला वाटतं नजर फक्त पोस्टरपुरती बदलली. १९७० मध्ये तर ‘गोल्डन हाफ’ नावाचा मुलींचा बँडच काढला, नावातच माल काय आहे ते लिहिलेलं.

आणि तेव्हाच एक उलटी गोष्टही झाली, ती मला फार आवडते. यामागुची सायोको, योकोहामाची, पूर्ण जपानी. सगळीकडे हाफ मॉडेल्सची चलती असताना ही काळे कुळकुळीत सरळ केस आणि कपाळावर कापलेली झुल्पं घेऊन ऑडिशनला जायची, केस रंगव म्हटलं तर नाही म्हणायची. १९७२ ला पॅरिसच्या रॅम्पवर गेली, १९७३ पासून शिसेइदोचा चेहरा झाली. तीच शिसेइदो हं. तर काळ्या डोळ्यांना गिऱ्हाईक नाही असं काही नसतं, विकणाऱ्याने ठरवलं की असतं. पण मग बघा, सायोकोचे डोळे पण पेन्सिलीने लांब ओढलेले, पॅरिसला ‘जपानी’ म्हणून जसे हवे होते तसे. म्हणजे इकडून घेतलं काय आणि तिकडून काय, बाईला जशी आहे तशी ठेवायचं दुकान अजून उघडायचंय.

बरं, हाफ चेहरा एवढा लाडका, तर मग सौंदर्यस्पर्धेत हाफ मुलगी जिंकली की आनंदीआनंद व्हायला हवा की नाही? २०१५ मध्ये आरियाना मियामोतो मिस युनिव्हर्स जपान झाली, नागासाकीजवळच्या सासेबोची, वडील आफ्रिकन-अमेरिकन. लगेच सुरू, ही जपानी दिसत नाही, हिला कसं पाठवता. तिने सांगितलं होतं की शाळेत पोरं तिच्यावर कचरा फेकायची, आणि तिच्या एका हाफ मित्राने आत्महत्या केली म्हणून ती स्पर्धेत उतरली. जगात पहिल्या दहात आली. पुढच्याच वर्षी मिस वर्ल्ड जपान झाली प्रियांका योशिकावा, वडील बंगाली, आई जपानी, जन्म टोक्योचा, आणि हत्ती हाताळायचं लायसन्स असलेली (हे मला फार भारी वाटतं, आपल्याकडे पण किती बायकांकडे असेल). तरी तेच, ‘शुद्ध’ जपानी मुलगी का नाही. आमच्या भारतीय ग्रुपवर तेव्हा पेढे वाटल्यासारखे मेसेज फिरत होते आणि माझी लेक तेव्हा लहान, तिला फोटो दाखवला तर म्हणाली ही तर आईसारखी दिसते. तेवढ्यावर मी खूश.

आता हे ऐका. जानेवारी २०२४ मध्ये मिस निप्पॉन झाली कारोलिना शिइनो, आईबाबा दोघेही युक्रेनियन, पाच वर्षांची असताना जपानला आली, २०२२ मध्ये नागरिकत्व घेतलं, जपानी बोलते ती इथल्या मुलींसारखीच. म्हणजे रक्ताने हाफसुद्धा नाही. तिच्यावरून पण वाद झाला, मग एका लग्न झालेल्या माणसाबरोबरचं प्रकरण बाहेर आलं आणि फेब्रुवारीतच मुकुट परत दिला. ते सोडा. मला लेन्सच्या पाकिटावरचा चेहरा आणि तिचा चेहरा शेजारी ठेवून बघावासा वाटला. पाकिटावर चालतो, मुकुटाखाली चालत नाही.

टेनिसवाल्या नाओमी ओसाकाचं तर सगळ्यांना माहीतच असेल, वडील हैतीचे, २०१८ मध्ये यूएस ओपन जिंकलं, आणि जानेवारी २०१९ मध्ये निस्सिन नूडल्सच्या अ‍ॅनिमे जाहिरातीत तिला काढलं तर रंग गोरा आणि केस फिके तपकिरी. ओरडा झाला, कंपनीने माफी मागितली, जाहिरात काढून घेतली. मुद्दाम केलं नाही म्हणाले. मुद्दाम नसेलच, हात आपोआप तिकडे जातो, तेच तर म्हणणं आहे.

आणि शाळा! दुकानात ‘गायकोकुजिन-फू’ म्हणजे परदेशी-टाइप हेअरकलरचे डबे, आणि शाळेत केस काळेच हवेत. ओसाका प्रांतातल्या एका सरकारी हायस्कूलमधल्या मुलीने २०१७ मध्ये कोर्टात दावा लावला, तिचे केस जन्मतःच तपकिरी, तर शाळा पुन्हा पुन्हा काळे रंगवायला लावायची. परदेशातून आलेली सोनेरी केसांची मुलगी असती तरी काळे करायला लावले असते, असं शाळेने सांगितल्याचं तिच्या दाव्यात होतं. २०२१ मध्ये कोर्टाने तिला ३ लाख ३० हजार येन द्यायला लावले, पण ते तिचं बाक नि नाव वर्गातून काढलं म्हणून, नियम मात्र ठीकच आहे म्हणाले. टोक्योच्या सरकारी हायस्कूलांनी असले नियम एप्रिल २०२२ पासून काढले. आमची लेक खाजगी शाळेत, तिथे कुरळ्या केसांसाठी मला लेखी द्यावं लागलं की हे जन्माचे आहेत, पर्म नाही. लहानपणीचा फोटो जोडा म्हणाले. जोडला, जावळ काढायच्या आधीचा, मुंडावळ्यांसारखं फुलांचं काहीतरी कपाळाला बांधलेलं, ती बाई बघतच बसली. म्हणजे पोरीचं असं, शाळेत जास्तच हाफ आणि डॉनकीमध्ये कमीच हाफ.

आपण काही साळसूद नाही हां. लेक झाली तेव्हा व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो टाकला तर मिरजेहून आत्याचा पहिला प्रश्न, ‘रंग कोणावर गेलाय गं? डोळे घारे आहेत का?’ अगं आत्या, बाप जपानी आहे, घारे कुठून येणार! तिच्या डोक्यात फॉरेनचा जावई म्हणजे गोरापान घाराच. लग्नाच्या जाहिरातीत ‘गोरी, घारी, नाकीडोळी नीटस’ वाचत वाढलेली आपण माणसं, कोकणस्थांच्या घाऱ्या डोळ्यांचं कौतुक ऐकत. फेअर अँड लव्हलीचं २०२० मध्ये ग्लो अँड लव्हली झालं, ट्यूब तीच. तेव्हा पुण्यात बसून जपान्यांना नावं ठेवायच्या आधी जरा आपलं कपाट उघडून बघा.

तर लेकीने ते लेन्स घालून मैत्रिणींबरोबर पुरिकुरा काढले, ते स्टिकर फोटोंचं मशीन. ते मशीन आधीच डोळे मोठे करतं आणि कातडी गोरी करतं, त्यात हे लेन्स, त्यामुळे फोटोत आली ती कुठल्यातरी परग्रहावरची, गाल पिठासारखे पांढरे आणि डोळ्यांच्या जागी दोन करड्या बशा. तिघी मैत्रिणी एकसारख्या, कोणती माझी ते मला केसांवरून कळलं. ती स्वतःच हसत सुटली. त्यानंतर ग्रे वाले कोणी काढले नाहीत, उरलेले पडून आहेत. हेझेल मात्र ती अजून घालते, तिच्या मामेबहिणीच्या हळदीचे फोटो बघितलेत तर कळेल, पिवळ्या साडीवर ते खरंच छान दिसत होते आणि तेव्हा कोणी हाफ बिफ काही म्हणालं नाही, डोळे छान दिसतायत एवढंच म्हणाले. मी अडवत नाही. नटायचं वय आहे, नटू दे, फक्त पैसे तिच्या खिशातले आणि रात्री काढून झोपायचं, एवढ्या दोन अटी.

घ्यायचे असतील तर: पाकिटावर ‘हाफ’ लिहिलेले सोडून शेजारचे ‘नॅचरल’ वाले बघा, बऱ्याच वेळा तोच कारखाना, त्याच मापाचा लेन्स, ठिपके जरा विरळ असतात म्हणून काळ्या डोळ्यावर जिवंत दिसतात. सावळ्या रंगाला हेझेल किंवा गडद तपकिरी, ग्रे आणि निळ्याच्या नादी लागू नका. रंगाचा व्यास १३ च्या आत असेल तर उत्तम, १३.५ च्या पुढे गेलात की बाहुली. चष्म्याचा नंबर असेल तर दोन्ही डोळ्यांचा वेगवेगळा बघून घ्या, दहाच्या बॉक्समध्ये सगळे एकाच नंबरचे येतात, म्हणजे दोन बॉक्स, म्हणजे खर्च दुप्पट, हे भाच्यांनो आधी आईला सांगा मग मला ऑर्डर द्या. ग्रेचे उरलेले कोणाला हवे असतील तर चष्म्याचा नंबर नाहीये त्यांना, एक्स्पायरी बघून देते, आणि रिकाम्या प्लास्टिकच्या डब्या फेकू नका, इथल्या लेन्सच्या दुकानांत त्या गोळा करायची पेटी असते, मी येताना-जाताना टाकते.